सत्काराचा रविवार

माझ्या वडिलांना मी भाऊ म्हणते. भाऊंनी दिलेला शब्द आयुष्यात कधी मोडला नाही, असं आमच्या गावात, असोद्यात, कुणालाही विचारा, तो सांगेल. मलाही सांगतात लोक, कौतुकाने. मी मान डोलावते. ते खोटं नाही. फक्त त्यांच्या शब्दाला जागण्याने माझं वाटोळं झालं, एवढंच त्या लोकांना माहीत नसतं.

बारावी झाली त्या उन्हाळ्यात भाऊंनी मला एक शब्द दिला होता. एकोणीस वर्षांखालच्या मुलींत खेळायचं माझं ते शेवटचं वर्ष. त्या वर्षी महाराष्ट्राच्या संघात निवड झाली तर मला पुण्याला कॉलेजात घालणार, तिथे चांगल्या प्रशिक्षकाकडे बुद्धिबळ चालू ठेवायचं, घरचं कुणी आडवं येणार नाही. निवड झाली नाही तर पट गुंडाळून माळ्यावर टाकायचा, जळगावातच कॉलेज करायचं आणि पुढचं पुढे. आता 'पुढचं पुढे' म्हणजे काय, हे मुलीला फोड करून सांगावं लागत नाही. मी आनंदाने हो म्हणाले. मला वाटलं होतं की प्रश्न फक्त माझ्या खेळाचा आहे, आणि खेळाची मला भीती नव्हती.

भाऊ वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा पहिल्या पानावरच त्यांना फासावर लटकवील. असोद्याहून जळगावात मेहरूण तलावाजवळ सरांकडे मला शिकायला नेणारे तेच. सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, घरच्या पुढच्या खोलीत पोरांना बुद्धिबळ शिकवायचे. केळीच्या बागेत पाणी सोडून भाऊ तसेच चिखलाच्या पायांनी मोटरसायकल काढायचे, मला मागे बसवायचे आणि सरांकडे डाव संपेपर्यंत तलावाच्या कठड्यावर बसून राहायचे. थंडीत मफलर गुंडाळून, उन्हाळ्यात डोक्यावर रुमाल टाकून. वर्षानुवर्षं. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. डाव संपला की एकच प्रश्न, "काय झालं?" जिंकले म्हटलं की कचोरी. हरले म्हटलं तरी कचोरीच, पण गप्प राहून खायची.

नातेवाइकांना मात्र माझ्या खेळाचं वेगळंच कौतुक. एका लग्नात माझी आत्या चारचौघींना सांगत होती, "बरं हाये वं बाई, बसल्या जागी खेळाचा खेळ हाये. पोरगी उन्हात काळी पडत नाही." घ्या! मी इकडे पहाटे उठून डावाच्या शेवटच्या टप्प्याचा अभ्यास करते, हत्ती आणि प्याद्यांनी स्वप्नात येऊन डोकं खाल्लेलं, आणि तिकडे माझा रंग शाबूत राहिल्याचा आनंद. जळगावातल्या खुल्या स्पर्धांतही तीच तऱ्हा. माझ्याशी हरलेल्या एकाही बाप्याला मी कधी नीट हरताना पाहिलं नाही. एकाचं डोकं दुखत होतं, एकाला रात्रपाळी होती, एकाने तर सांगितलं की मुलीशी खेळताना त्याचं लक्षच लागत नाही. मी एवढ्या जणांना हरवून वर यायचे आणि बक्षीस मिळायचं 'उत्कृष्ट महिला खेळाडू'. तेही तीन महिला आल्या असतील तर. एका ट्रॉफीवर बॅट उगारलेला माणूस होता. आयोजकांना विचारलं तर म्हणाले, दुकानात बुद्धिबळाचं मिळालं नाही, भावना महत्त्वाची.

असो. निवड स्पर्धा धुळ्याला होती, शुक्रवार ते रविवार. राज्यभरातून मुली आलेल्या. पुण्याच्या, नागपूरच्या, सांगलीच्या. त्यांच्या सोबत लॅपटॉप, प्रशिक्षक, कुणाकुणाच्या सोबत नुसता फळं चिरून द्यायला माणूस. माझ्यासोबत भाऊ आणि आईने दिलेल्या कळण्याच्या भाकरी. पण शनिवारी संध्याकाळी भिंतीवर गुणांचा तक्ता लागला तेव्हा मी दुसरी होते. पहिल्या दोघी संघात जाणार. रविवारी एकच डाव उरला होता, सकाळी अकराचा, त्यातही मला पांढरी मोहरी, म्हणजे पहिली चाल माझी. समोर धुळ्याचीच एक मुलगी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. ती जिंकली तर ती संघात. मी जिंकले किंवा नुसती बरोबरी केली तरी मी. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "बरोबरीचा विचार मनात आणू नकोस, पण जेवून झोप."

आणि इथे भाऊंना आठवलं की रविवारी सकाळी आठ वाजता जळगावात समाजाचा गुणगौरव सोहळा आहे.

दरवर्षी असतो तो. दहावी-बारावीतली हुशार मुलं, कुणी डॉक्टर झालेलं, कुणी सेवेतून निवृत्त झालेलं, सगळ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. त्या वर्षी पहिल्यांदाच त्यात 'क्रीडा' असा रकाना घातला होता आणि त्या रकान्यात मी एकटी. पत्रिकेत माझा फोटो छापला होता. आयोजक होते नाना, भाऊंचे चुलतभाऊ, जळगावात मोठं प्रस्थ. नानांनी भाऊंना विचारलं होतं, भाऊंनी हो म्हटलं होतं. संपलं. आमच्याकडे एकदा पत्रिकेत नाव छापून आलं की माणूस आजारी पडू शकतो, मरू शकतो, पण गैरहजर राहू शकत नाही.

"भाऊ, माझा उद्या शेवटचा डाव आहे," मी म्हणाले.

"मंग? तो अकराले हाये. सत्कार आठाले हाये. नानाची गाडी हाये, ड्रायव्हर हाये. नऊले निघू, पावणेअकराले धुळ्यात."

"आठचा कार्यक्रम आठला सुरू झालेला तुम्ही कधी पाहिलाय का?"

"नानाले मी सांगितलं हाये. तुहा सत्कार पहिला."

सरांना कळवलं तेव्हा ते पहिल्यांदाच भाऊंवर चिडले. फोन भाऊंच्या कानाला होता तरी मला ऐकू येत होतं. रविवारी जळगावात पाऊलसुद्धा टाकू नका, तिथेच मुक्काम करा, सत्कार काय, पुढच्या वर्षी दोन करा. भाऊ शांतपणे म्हणाले, "सर, मी शब्द देल्ला हाये." आणि आम्ही शनिवारी संध्याकाळची बस धरून घरी आलो. मी पारोळ्यापर्यंत रडले, एरंडोलपर्यंत भांडले आणि मग झोपले. आज वाटतं, बसमधून उतरून उलट्या बसमध्ये बसायला हवं होतं. पण अठरा वर्षांच्या मुलीला हे सुचत नाही, आणि सुचलं तरी पाय उचलत नाही.

रविवारी आईने मला काठाची साडी नेसवली. बुद्धिबळाला साडी! मी म्हटलं, गाडीत बदलायला ड्रेस ठेव. तिने पिशवीत ड्रेस ठेवला, पाण्याची बाटली ठेवली, दही-साखर हातावर ठेवलं. आठला पाच कमी असताना आम्ही मंगल कार्यालयात. तिथे खुर्च्या मांडणारी माणसं आणि साउंडवाला, बाकी कुणी नाही. साउंडवाला "हॅलो, हॅलो, माइक चेक" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. साडेआठला नाना आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला अगदी पुढच्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसवलं. ती मानाची जागा. तिथून उठलं की सगळ्या हॉलला दिसतं.

पावणेनऊला भाऊंनी नानांना हळूच विचारलं, "पोरीचं अगोदर उरकून घ्यायचं ना?"

नाना म्हणाले, "प्रमुख पाहुणे येऊ दे ना. त्याइच्या हातूनच शोभते ते."

"पाहुणे कुठी राहिले?"

"बोदवडहून येऊ राहिले. त्याइची गाडी बंद पडली म्हने. आपली गाडी पाठवली घ्यायला."

आपली गाडी! म्हणजे मला धुळ्याला नेणारी गाडी. पुढच्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसून मी हे ऐकत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले. खरंच उठले. सगळ्या हॉलने माना वर केल्या. भाऊ माझ्या कानाशी आले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "बस खाली. मानसं काय म्हनतीन?"

"बसने जाते मी, भाऊ. एकटी जाते. आत्ता निघाले तर पोचते."

"नानाच्या इज्जतीचा प्रश्न हाये. बस."

मी बसले. का बसले याची उत्तरं नंतर पुष्कळ शोधली. साडी होती, माणसं होती, भाऊंचा चेहरा तांबडालाल झाला होता. पण खरं म्हणजे मी त्या क्षणापर्यंत भाऊंचं ऐकत आले होते आणि त्यातून माझं काही वाईट झालं नव्हतं.

पाहुणे सव्वानऊला आले. मला वाटलं आता पटकन होईल. कपाळ माझं! आधी दीपप्रज्वलन. छताचा पंखा गरागरा चालू, समई काही पेटेना. चार काड्या विझल्यावर कुणीतरी म्हणालं पंखा बंद करा, पंखा बंद केला तर माइकही बंद पडला, कारण दोन्ही एकाच बटणावर. मग स्वागतगीत. मग पाहुण्यांचा सत्कार. मग पाहुण्यांसोबत आलेल्या माणसांचा सत्कार. मग व्यासपीठावर बसलेल्यांनी एकमेकांचा केलेला सत्कार. मग प्रास्ताविक, त्यात समाजाचा इतिहास, तोही मुळापासून. भाऊंचा खिशातला फोन सारखा थरथरत होता. सरांचा असणार. भाऊंनी तो बाहेर काढला नाही. कार्यक्रमात फोन उचलणं बरं दिसत नाही ना.

सूत्रसंचालकाच्या कागदावर माझं नाव कुठे होतं ठाऊक आहे? दहावी झाली, बारावी झाली, डॉक्टर झाले, सीए झाले, निवृत्त झालेले झाले, मग क्रीडा. पहिला सत्कार म्हणे! नानांनी दिलेला शब्द सूत्रसंचालकापर्यंत पोहोचलाच नव्हता, आणि मधेच कोण सांगणार, कार्यक्रमाची शोभा जाते. माझं नाव आलं तेव्हा दहा वाजत आले होते. शाल पांघरली, नारळ दिला, फोटोसाठी दोनदा द्यायला लावला. मी वळले तर सूत्रसंचालकाने माइक पुढे केला. "आपल्या लाडक्या लेकीने दोन शब्द बोलावेत!"

मी म्हणाले, "माझा अकरा वाजता धुळ्याला डाव आहे. मी जाते."

हॉलभर हशा आणि टाळ्या. पाहुणे म्हणाले, "वा! ही खरी जिद्द!" त्यांना वाटलं मी भाषणच केलं.

गाडीत मी साडीतच बसून होते, ड्रेस बदलायचं भान कुणाला. ड्रायव्हर बिचारा जोरात चालवत होता. एरंडोलला फाट्याजवळ ट्रकची रांग, पारोळ्याला बाजारातली गर्दी. भाऊ पुढे बसून "पोचू, पोचू" म्हणत होते, मला की स्वतःला कुणास ठाऊक. बुद्धिबळात वेळेवर न येणाऱ्याला थोडी सवलत असते, त्या स्पर्धेत अर्ध्या तासाची होती. त्यानंतर हार. मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात पहिल्या चाली खेळत होते. पांढरी मोहरी, वजिरासमोरचं प्यादं दोन घरं. मग समोरून काय येईल. मग मी काय करीन. हे सगळं अजून होणार आहे असं मला वाटत होतं, कारण गाडी चालू होती.

धुळ्यात स्पर्धा चालू होती त्या शाळेच्या फाटकात गाडी शिरली आणि मी हातात साडीच्या निऱ्या धरून पळत सुटले. जिन्यावर एक म्हातारी बसली होती, माझ्याशी खेळणार होती त्या मुलीची आजी. मला बघून ती कळवळून म्हणाली, "इतला उशीर का बरं करा वं पोरी? बठ्ठास्ना डाव कवयना सुरू व्हयी ग्यात." सगळ्यांचे डाव केव्हाच सुरू झाले होते म्हणे. तिला उत्तर द्यायलाही मी थांबले नाही.

हॉलमध्ये पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. माझ्या पटावर सगळी मोहरी जागच्या जागी. ती मुलगी समोर बसलेली, हात मांडीवर. पंच टेबलाशी उभे राहून कागदावर सही करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या साडीकडे पाहिलं, अंगावरच्या शालीकडे पाहिलं. ती अजून खांद्यावरच होती. ते हळू आवाजात म्हणाले, "थोडक्यात हुकलं, बाळा. वेळ संपली."

मागून भाऊ आले, धापा टाकत. "साहेब, खेळू द्या ना. एखादं मिनिटच तर वर झालं."

"नियम आहे, दादा."

"अहो पण तिचा सत्कार होता!" भाऊ अगदी ओरडूनच बोलले. सगळ्या पटांवरच्या माना वर झाल्या. "समाजाने सत्कार ठेवला होता तिचा! बुद्धिबळाचाच!"

पंचांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला विसरता येत नाही. हसूही नव्हतं, रागही नव्हता. ते भाऊंना दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. मी तिथेच उभी. रडू येत नव्हतं.

मग ती धुळ्याची मुलगी उठली. संघात तिची निवड झाली होती, एकही चाल न खेळता. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, मला असं नको होतं. आपण बाहेर बसून खेळायचं का? नुसतं?"

मी हो का म्हणाले, माहीत नाही. व्हरांड्यात बाकावर आम्ही पट मांडला. घड्याळ लावलं. ती मनापासून खेळली, हे सांगायला हवं. मीही खेळले. काय खेळले! आयुष्यात तितकं चांगलं मी आधी खेळले नव्हते आणि नंतर खेळायचं कारण उरलं नाही. डावाच्या मध्यावर एक हत्ती देऊन तिचा राजा उघड्यावर आणला आणि पुढच्या सगळ्या चाली मला स्वच्छ दिसत होत्या. भाऊ खांबाला टेकून, हात जोडून उभे. तिने राजा आडवा केला, हात पुढे केला आणि म्हणाली, "मस्त." मी तिचा हात हातात घेतला आणि तेव्हा मात्र मला रडू फुटलं.

भाऊंना वाटलं आनंदाने रडते आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं एकदम उतरलं. "जिंकली ना? जिंकलीच ना शेवटी!" आणि मी डोळे पुसेपर्यंत ते फोन कानाला लावून आवारात गेले होते. "नाना, जिंकली पोरगी! हो, आत्ताच!"

परतीच्या वाटेवर त्यांनी तो फोन मला दाखवला. समाजाच्या ग्रुपवर नानांनी माझा सकाळचा फोटो टाकला होता, शाल-नारळासकट, आणि खाली लिहिलं होतं की आजच्या सत्काराने प्रेरित होऊन आपल्या लेकीने लगेच धुळ्याच्या राज्यस्तरीय स्पर्धेत विजय मिळवला, सत्कार पायगुणाचा ठरला. त्याखाली फुलं, हात जोडलेले, अंगठे. मी भाऊंना म्हणाले, "हे खोटं आहे. खाली लिहा, मी हरले." भाऊ म्हणाले, "माह्या डोळ्यासमोर जिंकली तू. खोटं कसं?"

दारात आई औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. मी म्हणाले, "आई, मी हरले गं." तिने माझ्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आणि तरी ओवाळलं. निरांजन लावून झालं होतं, त्याचं काय करणार.

जेवताना मी विचारलं. भीत भीत नाही, सरळ विचारलं. "पुण्याचं काय?"

भाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला. "संघात नाव आलं का?"

"नाही."

"मंग बोललो ते बोललो. खेळ बंद. जळगावातच कॉलेज. माहा शब्द मी बदलत नाही, तुले माहीत हाये."

"पण मी जिंकले ना? तुमच्या डोळ्यांसमोर?"

भाऊंनी भाजी वाढून घेतली. आई ताटाकडे बघत. मी विचारतच राहिले. उशीर कुणामुळे झाला? गाडी कुठे गेली होती? मला उठल्यावर खाली कुणी बसवलं? आवाज चढला होता माझा, शेजारी ऐकू जात असेल, जाऊ दे गेलं तर. शेवटी भाऊ म्हणाले, "ते जिंकनं लोकाइले सांगाले हाये. आपल्या घरात काय खरं हाये ते आपल्याले माहीत हाये." आणि ते हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. सरांनी स्पर्धेचा निकाल संगणकावर उघडून ठेवला होता. माझ्या नावापुढे शून्य होतं आणि शून्यापुढे एक खूण होती. सर म्हणाले, "हरली असतीस तर ही खूण नसती. याचा अर्थ तू आलीच नाहीस." चहा ठेवला होता त्यांनी, तो आम्ही प्यायलो नाही. व्हरांड्यातला डाव मी त्यांना पटावर मांडून दाखवला. त्यांनी हत्तीची ती चाल परत लावली, मागे घेतली, पुन्हा लावली. मग म्हणाले की आता त्यांना थोडं पडायचं आहे.

सर आता नाहीत. मी जळगावात एका कार्यालयात नोकरी करते. ती धुळ्याची मुलगी पुढे खूप खेळली, परदेशात जाऊन आली, मला अजून दिवाळीला मेसेज करते. मला तिचा राग येत नाही. भाऊंचा येतो. नानांचा येतो. त्या पाहुण्यांचा तर नावही आठवत नाही, तरी येतो. लोक म्हणतात जुनं झालं, सोड. मला सोडता येत नाही आणि सोडायचंही नाही. माझ्याकडे दुसरं काय उरलंय त्या खेळातलं?

मागच्या लग्नसराईत बोदवडला एका लग्नात गेले होते. जेवणाच्या मांडवात नाना भेटले, बरेच थकलेले. त्यांनी माझा हात धरून मला दहा-बारा माणसांच्या घोळक्यात नेलं आणि म्हणाले, "हीच ती आपली पोर. सकाळी आपल्या इथे सत्कार घेतला आणि दुपारी धुळ्याले जाऊन जिंकली!"

मी म्हणाले, "नाना, मी जिंकले नव्हते. तुमच्या सत्कारामुळे मला उशीर झाला. मला शून्य मिळालं आणि माझा खेळ बंद झाला."

मग नाना माझ्या पाठीवर थाप मारून खळखळून हसले. "बघा! एवढी मोठी झाली, पन गर्व नाही पोरीले. अशी पाह्यजे लेक!" आणि सगळी माणसं माझ्याकडे कौतुकाने बघायला लागली. एका बाईंनी तर आपल्या लहान मुलीला पुढे करून सांगितलं, ताईंच्या पाया पड.

भाऊ शेजारीच उभे होते. त्यांना खरं माहीत होतं, त्या अख्ख्या मांडवात फक्त त्यांनाच माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि वाट पाहिली. ते वाकून त्या मुलीला म्हणाले, "पड बेटा, पड पाया."